रेशीमगाठीचे गाव : मॅक्लेसफील्ड

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात, पेनाइन डोंगरांच्या पश्चिम पायथ्याशी मॅक्लेसफील्ड हे गाव वसले आहे. मँचेस्टरहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी अर्ध्या तासाच्या आतच तेथे पोहोचते. स्थानकाजवळच्या टेकडीवर तेराव्या शतकात स्थापन झालेले सेंट मायकेलचे चर्च आहे. त्याच्याकडे चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांना गावकरी ‘एकशे आठ पायऱ्या’ याच नावाने ओळखतात. जपमाळेच्या मण्यांची संख्या परमुलखातील पायऱ्यांना लाभलेली पाहून भारतीय प्रवाशाला मौज वाटते.

तथापि या गावाची खरी ख्याती आहे ती रेशमाची. येथील फुटबॉल संघालाही ‘सिल्कमेन’, म्हणजे रेशीमकरी, असेच म्हणतात. आपल्याकडे थट्टेने ज्याला ‘कंठलंगोट’ म्हटले जाते त्या टायचा आणि त्याचा पूर्वज असलेल्या क्रॅव्हॅटचा ज्यांना छंद आहे, त्यांना या गावाची वाट कधी ना कधी धरावीच लागते. जुने ब्रिटिश टाय हौसेने जमवणारे आणि वापरणारे लोक आज अनेक देशांत आहेत. त्यांच्या संग्रहातील नक्षीदार विणीच्या कित्येक टायांचे मूळ मॅक्लेसफील्डच्या मागांवर सापडते.

क्रॅव्हॅट हा शब्द क्रोएशियन सैनिकांवरून आला. सतराव्या शतकात फ्रान्सच्या सेवेत असलेले हे सैनिक गळ्याभोवती रुमाल बांधीत. फ्रेंच दरबाराने तो उचलला आणि १६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला त्या सुमारास तो इंग्लंडातही रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचा प्रसिद्ध छानछोकी गृहस्थ बो ब्रमेल याने खळ दिलेल्या शुभ्र गळपट्ट्याला जणू शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे शतकाच्या उत्तरार्धात त्या रुंद वस्त्राचा आजचा लांबट टाय झाला.

मॅक्लेसफील्डमध्ये आरंभी रेशीम गुंडाळलेली बटणे बनत. १७४३ च्या सुमारास चार्ल्स रो याने येथे रेशमाला पीळ देणारी गिरणी उभारली आणि गावाचे रूप पालटले. पुढे विणकामही आले. १८६० साली फ्रान्सशी झालेल्या व्यापारी तहाने परदेशी रेशमावरील जकात उठली, तेव्हा मात्र विणकरांवर मोठे संकट कोसळले. कित्येक कुटुंबांनी अमेरिकेतील पॅटर्सन शहराची वाट धरली. जे उरले ते नक्षीच्या कौशल्यावर टिकले.

हे कौशल्य पाहावयाचे तर पार्क लेनवरील रेशीम संग्रहालयात जावे. पूर्वी या इमारतीत गावचे कला-विद्यालय होते आणि रेशमावरील नक्षी रेखाटणारे कलावंत तेथे तयार होत. शेजारीच पॅराडाइज मिल आहे. तिच्या वरच्या मजल्यावर २६ जॅकार्ड हातमाग ओळीने उभे आहेत. प्रत्येक मागाच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक खेप. जेथे भोक असेल तेथील उभा धागा उचलला जातो, नसेल तेथील खालीच राहतो. अशा शेकडो खेपांतून एखादी बोटाच्या पेराएवढी नक्षी उमटते. ज्याने बनारसचा जॅकार्ड माग पाहिला आहे त्याला ही रचना परकी वाटणार नाही. फरक इतकाच की बनारसचे माग आजही पोट भरण्यासाठी चालतात. येथील हातमागांवरचे व्यापारी विणकाम १९८१ साली थांबले.

चांदीसारख्या करड्या व काळ्या रंगांतील बारीक भौमितिक नक्षीला टायच्या व्यापारात आजही ‘मॅक्लेसफील्ड’ म्हणतात. गावाचे नाव कापडाला लाभावे, हा मान आपल्याकडे पैठणने मिळवला आहे.

विणलेल्या टायबरोबर छापील टायचेही मोठे दालन आहे, आणि तेथे भारतीय वाचकाला आपलीच माणसे भेटल्यासारखे वाटेल. बंगालमधून विलायतेला जाणाऱ्या ठिपक्यांच्या रेशमी रुमालांचे ‘बँडाना’ हे नाव आपल्या ‘बांधणी’च्याच कुळातले. स्कॉटलंडच्या पेझ्ली गावाच्या नावाने ओळखली जाणारी नक्षी म्हणजे काश्मिरी शालीवरील बुट्टा, आपली कोयरी. मॅडर हा रंग आपल्या मंजिष्ठेच्या जातभाईचा. १८६८ साली या रंगाचे मुख्य द्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत तयार झाले. विसाव्या शतकातील बहुतेक ‘मॅडर’ टाय त्याच कृत्रिम रंगाचे आहेत. पण त्यांची धूसर छटा आणि खडूसारखा मऊ स्पर्श संग्राहकाला अंधारातही ओळखू येतो.

जुना टाय पारखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. विणलेल्या टायची नक्षी उलट्या बाजूस रंग बदलून दिसते. छापील टायची तेथे फिकी पडते. चांगला टाय कापडाच्या तिरक्या रेषेवर बेतलेला असतो, म्हणून टोकाला धरून लोंबता सोडला तरी तो पिळा खात नाही. मागील शिलाई हाताची व किंचित सैल असते, त्यामुळे ओढ बसली तरी धागा तुटत नाही. रुंदीवरूनही काळाचा अंदाज येतो : १९६० च्या दशकातील टाय अरुंद, तर १९७० च्या दशकातील पंजाएवढे रुंद. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळत आणि एका टायला त्यातले एक खर्ची पडे. त्या काळी रेशीम हवाई छत्र्यांसाठी व वैमानिकांच्या नकाशांसाठी लागे. म्हणून युद्धकाळातील साधा रेयॉनचा टायही इतिहासाचा साक्षीदार ठरतो.

वापरताना मात्र एक पथ्य पाळावे लागते. तिरप्या पट्ट्यांचे अनेक ब्रिटिश टाय हे पलटणीचे, शाळेचे किंवा क्लबाचे चिन्ह असतात. निळा व तांबूस-किरमिजी पट्टा राजाच्या गार्ड पलटणींचा. लाल-पिवळा लॉर्ड्सवरील एम.सी.सी.चा. ज्या संस्थेत आपण नव्हतो तिचा टाय बांधणे म्हणजे दुसऱ्याचे पदक छातीवर लावणे, असे तेथील जुनी मंडळी मानतात. असा टाय संग्रहात अवश्य ठेवावा. गळ्यात घालावयास ठिपके, कोयरी आणि मॅक्लेसफील्डची बारीक नक्षी पुष्कळ आहे.

माग थांबले की हातांचे ज्ञानही हळूहळू विरते. संग्रहालयातील नमुन्यांच्या वह्या नक्षी जपतात. पण कापडाचा वजनदारपणा आणि गाठ बसताना होणारी रेशमाची बारीक कुजबुज वहीत राहत नाही. ती वापरणाऱ्याच्या गळ्यातच जिवंत राहते. म्हणून जुना टाय पेटीत बंद ठेवू नये. तो बांधावा, संध्याकाळी ओढून न काढता बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडवावा, सैल गुंडाळी करून रात्रभर ठेवावा. सकाळपर्यंत त्याच्या सुरकुत्या आपोआप मोकळ्या होतात.