वादी कोण, संवादी कोण?

संगीतशास्त्राचे पुस्तक नवख्या माणसाने उघडले, तर आपण चुकून एखाद्या वकिलाच्या कचेरीत शिरलो असेच त्याला वाटेल. तिथे वादी आहे, विवादी आहे, 'अंश' म्हणजे हिस्साही आहे. पुढे 'मूर्च्छना' लागली की वाचणाराच घेरी येऊन पडायचा!

आमच्या पालीच्या घरात हे पुस्तक आले ते पुतणीच्या गाण्याच्या परीक्षेमुळे. ती झोपाळ्यावर बसून व्याख्या घोकू लागली, आणि जन्मभर भूपातली भजने म्हणणारी माझी आत्या गप्प झाली. "मला बाई शास्त्र येत नाही. पोरीसमोर भलतेच गायला नको," म्हणाली. तिन्हीसांजेचे भजन थांबले. मला ते सोसेना. मग मीच पुस्तक घेऊन बसलो.

शब्द वाटले तितके परके नव्हते. वादी म्हणजे दावा लावणारा नव्हे. रागात ज्याचा शब्द चालतो तो स्वर. त्याच्याशी जुळवून घेणारा, मानाने दुसरा, तो संवादी. विवादी रागाबाहेरचा, पण कसबी गवई क्वचित त्यालाही हळूच स्पर्श करून जातो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूपात गंधार वादी, धैवत संवादी. देशकारात नेमके उलट. चलन बदलते आणि संध्याकाळच्या रागाची सकाळ होते. माणसे तीच, पण किल्ल्या सासूच्या कमरेहून सुनेच्या कमरेला गेल्या की घर निराळे होतेच ना?

मी आत्याला विचारले, "आत्या, भजनात या एका जागी तू एवढी का रेंगाळतेस ग?"

"अरे, तिथे बरे वाटते."

पुतणीने पेटीवर ती जागा शोधली आणि ओरडली, "आजी, हा तर गंधार! भूपाचा वादी!"

'अनुरणन' मात्र पेटीवर सापडेना. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबखाते सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वर हा अनुरणनरूप, असे तो सांगतो. म्हणून दोघींना बल्लाळेश्वराच्या देवळात नेले. तिथली मोठी घंटा 1739च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणलेली, असे सांगतात. पुतणीने टोल दिला. 'ठण्' क्षणात सरला. मागे जो गोड नाद घुमत राहिला, तेच अनुरणन.

आत्या घंटेकडे पाहात म्हणाली, "एवढेच होय? हे तर लहानपणापासून ऐकते आहे."

पुतणी व्याख्या अजून घोकते. परीक्षेत गुण त्यांनाच मिळतात. पण अडली की पुस्तक मिटते आणि म्हणते, "आजी, ती जागा पुन्हा म्हण ना."

आणि आत्या म्हणते.