रबर की जिग?

जिताड्यासाठी रबरी मासोळी बरी की शिशाचा जिग, हा सवाल रायगडच्या खाडीकाठी आम्हा गळवाल्यांत कायमचा. कांदळवनाच्या मुळांत आम्ही रबर लावतो. गळाचं टोक आत लपतं, अडकत नाही. ओहोटीच्या ओढीत, खोल पाण्यात मात्र जिगच तळ गाठतो. पण रबर मऊ. तंगूस ढिला राहिला तर मासा ते खोल गिळतो. जिग बहुधा जबड्यातच रुततो.

जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा मासा सहसा मादीच, आणि पावसाळा तिच्या विणीचा. त्या दिवसांत आम्ही जिगच बांधतो. मोठी लागली तर सोडवून पाण्यात सोडतो. अम्मी विचारते, "रिकाम्या हातानंच आलात?" आमच्या वर्गातल्या पोरांनाही उद्या जिताडा मिळावा, एवढंच आमचं उत्तर.