फुकटची हाक

जगात फुकट काही मिळत नाही, हे दिंडोरीच्या बागाइतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. द्राक्षाचा प्रत्येक घड औषध, मजुरी आणि पाणी यांच्या हिशेबातून वर आलेला असतो. म्हणूनच की काय, माझे एक बागाइतदार स्नेही मध्यंतरी म्हणाले, "ही १०८ ची रुग्णवाहिका फुकट का? बोलावील त्याने पैसे द्यावेत. वाघाडच्या पाण्याला नाही का आम्ही माप लावून पैसे मोजत?"

दृष्टांत नामी होता. वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्था सरकारकडून घनमापाने पाणी घेतात आणि पाणीपट्टी आपली आपणच वसूल करतात. या कारभाराचा तालुक्याला रास्त अभिमान आहे. परंतु दृष्टांत जितका नामी, तितकाच फसवा. पाणी शेतकरी पिकाचा अंदाज घेऊन, आपल्या खुशीने मागतो. साप मात्र कोणाच्या मागणीवरून चावत नाही. ननाशीकडच्या एखाद्या पाड्यावर मध्यरात्री बाईला कळा सुरू झाल्या आणि घरच्या माणसाला आधी भाड्याची आठवण झाली, तर तो उजाडण्याची वाट पाहील. अशा वेळी वाट पाहण्याइतके महाग दुसरे काही नसते.

१९३५ साली लंडनमध्ये विंपोल स्ट्रीटवर आग लागून पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. शेजाऱ्याने अग्निशामक दलासाठी केलेला दूरध्वनी केंद्रातच खोळंबला होता. त्या प्रकरणातून १९३७ साली ९९९ हा संकटकाळचा क्रमांक जन्मास आला. तेथे आड आली ती रांग. आपल्याकडे खिसा आड येऊ नये.

मग पैसे द्यावेत कोणी? अमेरिकेत दूरध्वनीच्या बिलावरच ९११ साठी पट्टी बसवितात. दिसावयास हा तोडगा समतेचा आहे. पण वीस एकर बागेचा मालक आणि त्याच बागेत छाटणीसाठी पेठ-सुरगाण्याहून आलेला मजूर या दोघांच्याही खिशात फोन एकच असतो. दोघांकडून सारखे दहा रुपये घेतले, तर एकाच्या ते ध्यानातही राहणार नाहीत आणि दुसऱ्याच्या मीठमिरचीत तूट येईल. शिवाय तेथील काही राज्यांनी हा पैसा भलत्याच कामाकडे वळविला. कोणी किती वळविला, याचा अहवाल तेथील दूरसंचार आयोगाला दरवर्षी काँग्रेसपुढे ठेवावा लागतो.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जुन्या गावगाड्यात होते. जागल्याला हाकेगणिक पैसे कोणी देत नसे. सुगीत खळ्यावर त्याचा वाटा निघे आणि त्याचा पहारा साऱ्या गावावर असे. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गावयाचे नाहीत. गावासाठी रात्र जागणाऱ्यालाच तिने जातीने जखडून वेशीबाहेर ठेविले होते. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली, हे उत्तमच झाले. पण संकटाची तरतूद संकटापूर्वी, सर्वांनी मिळून करावी, एवढा विवेक तीत होता.

आज ते खळे म्हणजे सरकारी तिजोरी. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ च्या सेवेचा खर्च तिच्यातून होतो. ११२ या क्रमांकामागे २०१३ साली स्थापलेला निर्भया निधी आहे. पण या खळ्यावर रास घालतो कोण? मजूर फोनचे रिचार्ज करतो, तेव्हा शंभरावर अठरा रुपये कर देतो. उलट, माझ्या स्नेह्यांच्या द्राक्षांच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणजे ज्याला आपण फुकट्या म्हणतो, त्याने आपली मूठ आधीच रासेत टाकलेली असते. त्याला रुग्णवाहिका मिळते ती दानाने नव्हे, हक्काने.

म्हणून न्याय्य वाट मला एकच दिसते. हा खर्च फोनांच्या संख्येवर नव्हे, तर ऐपतीवर बसावा. मोठ्या मिळकतीने मोठा वाटा उचलावा. आणि त्या नावाने काढलेला पैसा त्याच कामी खर्च होतो की नाही, हे दरवर्षी लोकांपुढे यावे. हाक देणाऱ्याने आपले नाव सांगावे, ठिकाण सांगावे. आपली ऐपत सांगण्याची पाळी मात्र त्याच्यावर त्या घटकेस येऊ नये. ती आपण सर्वांनी सुगीच्या दिवसांतच विचारून ठेविलेली असावी.