वाळू साफ करणारे

समुद्राच्या पाण्याची मत्स्यपेटी घरात आणावी हा हट्ट धाकटीचा, पण तिच्यापेक्षा जास्त वेड लागलं ते मला. मुंबईतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात चार फूट लांबीची, सुमारे २४० लिटरची टाकी मांडली आणि तळाशी दोन इंच पांढरीशुभ्र वाळू अंथरली. आल्यागेल्याला मी ती कौतुकाने दाखवायचो. तिसऱ्या आठवड्यात त्या वाळूवर तपकिरी थर चढला आणि माझी झोप उडाली.

नव्या टाकीत हा थर बहुधा येतोच, हे मला पुढे कळलं. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातली सिलिका कमी झाली की ते आपोआप ओसरतं. पण तेवढा सबर माझ्यात नव्हता. मी थेट दुकान गाठलं. "चाचा, ये डाल दो, पूरा रेती साफ कर देगा," असं म्हणत दुकानदाराने वाळू चाळणारा तारामासा पिशवीत घालून दिला. मी किंमत विचारली. तो काय खातो, हे विचारलं नाही.

ते विचारलं अम्मीने. तिचं बालपण रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर गेलेलं. चष्मा सावरत ती म्हणाली, "ह्याला खायला काय घालणार तू?"

"काही नाही, अम्मी. तो वाळूतली घाण खातो."

"एवढीशी तुझी वाळू. ह्याचं पोट भरेल एवढी घाण आहे का तिच्यात?"

मी हसून विषय टाळला.

तारामासा बराचसा वेळ वाळूखाली गडप असायचा. काही दिवसांत वाळू उजळली आणि मी खूश झालो. मला ठाऊक नव्हतं ते असं, की घाण हे त्याचं मुख्य खाणं नव्हतंच. वाळूत राहणारे बारीक किडे, कोळंबीच्या जातकुळीतले टिंबाएवढे जीव, लहानसहान शंख यांवर तो जगतो. म्हणजे जे मुकाट्याने वाळू राखत होते त्यांनाच तो संपवत होता. आणि ते संपल्यावर त्याच्यासाठी काहीच उरलं नाही. चौथ्या महिन्यात त्याच्या हातांची टोकं झडू लागली. एका सकाळी धाकटीने मला उठवलं. "अब्बा, तो आजारी होता का?"

आजारी नव्हता, उपाशी होता, हे तिला सांगायला मला दोन दिवस लागले.

त्यानंतर कुठलाही जीव आणण्याआधी मी अम्मीचाच प्रश्न विचारू लागलो. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळणारा गोबी मासा पाहिला. आपल्या खाडीतल्या निवटीच्या दूरच्या नात्यातला. काम फार सुबक करतो, पण वाळूतले जीव संपले की तोही खंगतो. शिवाय उडी मारून टाकीबाहेर पडायची त्याला खोड. त्याला रोज वेगळं भरवता येत असेल आणि टाकीवर झाकण असेल, तरच त्याला आणावं. शंखात राहणारा खेकडा उष्टंखरकटं खातो खरा, पण मोठं घर हवं झालं की दुसऱ्या शंखाच्या धन्याचाच जीव घेतो. समुद्रकाकडीचं नाव कुणीतरी सुचवलं. ती वाळू गिळून स्वच्छ करून टाकते, पण टाकीत मेली तर तिच्यातल्या विषाने मासे दगावू शकतात. आणि आपल्या देशात तर २००१ पासून तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो विषय तिथेच संपला.

शेवटी नॅसॅरियस जातीचे सहा छोटे शंख आणले. ते शेवाळ खात नाहीत. माशांच्या तोंडून सुटलेला घास, मेलेलं काही, एवढंच त्यांचं खाणं. दिवसभर वाळूत पुरलेले असतात, फक्त सोंडेसारखी नळी वर. त्या रात्री कोळंबीचा तुकडा टाकला, तर पाहता पाहता सहाही वाळू फोडून वर आले. अम्मी पुढे सरकून म्हणाली, "अरे, हे तर आपल्या किनाऱ्यावरचे! रापण ओढून झाली की पडलेल्या मासळीवर असेच धावायचे."

तेव्हापासून झाडलोटीचा मोठा भाग मी माझ्याकडे घेतला आहे. कुठलाही जीव घाण खातो म्हणजे ती नाहीशी होत नाही. तो विष्ठा टाकतो, तिचं पाण्यात नायट्रेट होतं, आणि ते कमी करायला पाणीच बदलावं लागतं. दर जुम्मेरातीला मी नळी लावून वरचा गाळ ओढतो आणि थोडं पाणी बदलतो. माशांचं खाणंही आता बेताने घालतो. एकदा वाळूवर लालसर बुळबुळीत पापुद्रा आला होता, तेव्हा दुकानात न जाता खाणं कमी केलं आणि पाण्याचा प्रवाह वाढवला.

वाळू आता पहिल्यासारखी पांढरी नाही. कोपऱ्यात थोडी काळपट, मध्ये बारीक किड्यांच्या रेघा. पाहुणे विचारतात, साफ का करत नाही? रात्री जेवणं झाली की अम्मी खाटेवरून हाक मारते, "त्यांना घातलंस का रे?" मी तुकडा टाकतो. धाकटी काचेला नाक लावून मोजते. सहा भरले की मग दिवा मालवतो.