बिऱ्हाडाची खोकी

बिऱ्हाड हलविताना मनुष्यास आपली खरी मालमत्ता कळते, असे म्हणतात. आमचा अनुभव किंचित निराळा आहे. मालमत्ता मागाहून कळते. आधी कळते ते आपले अज्ञान. आमच्या शिक्षणसंस्थेने आमची बदली धाराशिवहून उमरग्यास केली, तेव्हा पंचवीस वर्षांहून अधिक काळ शेक्सपिअरची नाटके शिकविणाऱ्या आम्हांस साधी कपबशी कागदात कशी गुंडाळावी हे ठाऊक नाही, ही गोष्ट प्रथमच उघडकीस आली.

खोकी म्हणजे खोकी, त्यांत निवड ती कसली, अशी आमची भोळी समजूत होती. म्हणून आम्ही नेहमीच्या किराणा दुकानी गेलो व असतील ती रिकामी खोकी मागितली. "सर, साबणाची देऊ की बिस्किटांची?" दुकानदाराने विचारले. आम्ही उदारपणे दोन्ही घेतली. घरी येताच सौभाग्यवतींनी साबणाचे खोके हुंगून बाजूस ठेवले. "यात कपडे जातील. तांदूळ नि चहा घातलात, तर उमरग्याला महिनाभर साबणाचा चहा प्यावा लागेल!" बिस्किटांची खोकी त्यांनी तळाशी दाबून पाहिली आणि ती उशांखेरीज कशाच्याही कामाची नाहीत, असा निकाल दिला.

अखेर आम्ही बांधाबांधीचे सामान विकणाऱ्या एका दुकानी गेलो आणि तेथे आमचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद असतो. तो तीन पदरी. नागमोडी कागद दोन असले की पाच पदरी. नागमोडीच्या नळ्या उभ्या राहिल्या तर खोके भार सोसते, आडव्या पडल्या तर दबते. आणि पावसाची ओल लागली की शहाणे खोकेही मान टाकते. तळाच्या फटीवर चिकटपट्टी दुहेरी लावावी. बशा निजवू नयेत, उभ्या ठेवाव्या. भरलेले खोके हलविल्यावर आतून आवाज आला तर ते भरलेले नाही असे समजावे. हे शेवटचे वचन आम्ही काही व्याख्यात्यांनाही लागू करून पाहिले. तेथे मात्र ते नेमके उलटे ठरते.

इतके ज्ञान संपादन करूनही आम्ही पहिली चूक केलीच. सर्वांत मोठे खोके आम्ही सर्वांत प्रिय वस्तूंसाठी, म्हणजे पुस्तकांसाठी राखले. दोन हमालांनी ते उचलले मात्र, आणि तळ सुटून सारी इंग्लिश नाटके ओटीवर आली. "पुस्तकांना लहान खोके, उशांना मोठे," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. आपली बाजू सावरण्याकरिता आम्ही इतिहासाचा आश्रय घेतला. आपल्याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील कापड गाड्यांत भरून पार भडोचच्या बंदरास जात असे, असे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या ग्रंथात लिहिले आहे. तेव्हा सामान बांधणे हे आमच्या रक्तातच असले पाहिजे! "ग्रंथ लिहिणारा वेगळा नि गाठी मारणारा वेगळा," एवढेच उत्तर आले, आणि सुतळीचा गुंडा आमच्या हातातून काढून घेण्यात आला.

मग प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिण्याचे काम तेवढे आमच्याकडे उरले. 'लोणच्याची बरणी – सांभाळून' असे लिहीत असता आम्हांस एकाएकी दुसरी खोकी आठवली. उमरग्याच्या वाटेवर मन गेले की ते सास्तूरला अडखळावयाचेच.

30 सप्टेंबर 1993. रात्री गणपती बोळवून लोक निजले होते, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. आम्ही तेव्हा एम. ए.च्या वर्गात होतो. मदतीच्या सामानाबरोबर काही मित्रांसह आम्ही सास्तूरला गेलो. ठिकठिकाणांहून आलेले कपडे खोक्यांतून काढून वाटणे, हे आमचे काम. रिकामी झालेली खोकी आम्ही पायांनी चेपून एका बाजूस फेकीत होतो. एक म्हातारी बराच वेळ उभी होती. आम्ही तिच्यापुढे लुगडे धरले. ती म्हणाली, "कापड नगं, लेकरा. ते रिकामं खोकं दे, मोडू नगंस."

आम्ही ते दिले. तिने पदराखालून एकेक वस्तू काढून आत ठेवली. चेपलेला तांब्या, लहान मुलाचा एक वाळा, आणि एक कुलूप. ज्या दारास ते लागत असे, ते दार उरले नव्हते. तिने खोक्याची झाकणे नीट मिटली आणि ते कडेवर घेऊन ती गेली. पुढे आमच्या व शेजारच्या लातूर जिल्ह्यातील 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. गावेच्या गावे बिऱ्हाड हलवून गेली; परंतु बांधण्यासारखे सामान किती घरांत उरले होते? वस्तूस जागा हवी असते हे आम्ही जाणत होतो. सर्वस्व गेलेल्या मनुष्यास, आपले म्हणून काही ठेवावयास चार भिंती हव्या असतात, मग त्या पुठ्ठ्याच्या का असेनात, हे आम्हांस त्या म्हातारीने शिकविले.

"अहो, काय झाले?" सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. बरणीभोवती जुन्या गोधडीचा आणखी एक वेढा त्यांनी दिला.

सायंकाळी सारे भरून झाले आणि एक चांगले पाच पदरी खोके शिल्लक राहिले. ते मोडून सपाट करावे म्हणून आम्ही हात घातला, तोच त्या म्हणाल्या, "राहू द्या. तसेच नेऊ." आणि आपल्या शिस्तीस बाध येऊ नये म्हणून, त्यांनी त्यावर आमच्याकडून ठळक अक्षरांत 'रिकामे' असे लिहवून घेतले.