रंगाचा बेरंग

निरोप बिघडला की आपल्याला दोनच आरोपी दिसतात: बोलणारा आणि ऐकणारा. एकाची जीभ तपासावी, नाहीतर दुसऱ्याचे कान! दोघांच्या मध्ये आणखी कोणी उभा असेल, हे ध्यानातही येत नाही. मला ते पटवून दिले एका निळ्या रंगाने.

माझी पुतणी अलिबागच्या घरी बसून बंगळूरच्या कचेरीचे काम करते. तिचा सारा व्यवहार एका काळ्या पडद्यावर चालतो. त्याला म्हणे टर्मिनल म्हणतात. लिहायचे ते 'व्हिम' नावाच्या संपादकात. हा संपादक लेख साभार परत पाठवणाऱ्यांपैकी नव्हे! हॉलंडच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली लोकांच्या हाती दिलेला हा लिहिण्याचा कार्यक्रम आज्ञा एका रंगात, आकडे दुसऱ्या आणि टिपणे तिसऱ्या रंगात दाखवतो. हे रंग केवळ शोभेचे नाहीत. 'ही ओळ बदलू नये' अशा धोक्याच्या सूचना त्या टिपणांतच असतात. एके दिवशी सारी टिपणे गडद निळी झाली. काळ्यावर गडद निळे, म्हणजे अवसेच्या रात्री जांभळे वेचणे! काम दोन दिवस अडून राहिले.

घरात निदानांना तोटा नव्हता. आजीने डोळे तपासायला सांगितले, वडिलांनी पडद्याला नावे ठेवली, शेजाऱ्यांनी समुद्राच्या खाऱ्या हवेला. खुद्द पुतणीचा संशय व्हिमवर.

पण व्हिम रंग पाठवतच नाही. तो पाठवतो फक्त खूण. ३१ म्हणजे तांबडा, ३४ म्हणजे निळा. त्या निळ्याची छटा ठरवते टर्मिनल. समोरच्याला किती रंग येतात, हे व्हिम 'टर्म' नावाच्या ओळखचिठ्ठीवरून ठरवतो. चिठ्ठीत जे नाव, ते खरे! आजच्या कित्येक टर्मिनलांना १,६७,७७,२१६ रंग दाखवता येतात. पण चिठ्ठी दरिद्री असेल तर व्हिम आठांतच संसार करतो.

पुतणीने मधली एकेक वस्तू दूर करून पाहिली. एका खिडकीत अनेक खिडक्या थाटणारा 'टीमक्स' बंद करताच रंग उजळले. तो चालू करताच पुन्हा काळोख. त्याच्या आत रंग किती, असे यंत्राला विचारले, तर उत्तर आले ८. चिठ्ठीवर नुसते 'स्क्रीन' लिहिलेले! तिथे 'टीमक्स-२५६कलर' हे नाव घातले, टीमक्स पुरता बंद करून पुन्हा सुरू केला, आणि उत्तर आले २५६. कित्येक जण इथे 'एक्सटर्म-२५६कलर' असे परक्याचेच नाव ठोकून देतात. रंग येतात, पण मागाहून भलतेच काही बिघडते. ओळख मोठी असून भागत नाही, ती खरी असावी लागते.

ही शहाणीव आमच्या गावाला नवी नव्हे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेची ट्राम येणार असे दिसू लागताच तेथील संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले, की सुई निर्दोष आणि पृथ्वीही निर्दोष, तरी मधली वीज नोंद बिघडवणार. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीसाठी पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड वापरला. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. १९०७ साली ट्राम धावली, तेव्हा सुई खाडीपलीकडे सुखरूप होती.

आमच्या दोन चुलत घरांत वाडीच्या कुंपणावरून नऊ वर्षे अबोला आहे. काका काय म्हणाले, हे माझ्या वडिलांनी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलेले नाही. ऐकले ते एका गड्याच्या तोंडून. यंदा पाडव्याला फराळाचे ताट घेऊन पुतणी तिकडे जाणार आहे. निरोप कोणाचाही नेणार नाही. आजोबांनाच बरोबर घेऊन जाणार आहे!