राबात गेलेल्या दोन पुड्या

भाताची लावणी उरकली. आज पिकाचं नाही, दोन जिवांचं लिहितो.

आमचं गाव भीमाशंकरच्या रानाला लागून. परवा रात्री पडवीतल्या दिव्यावर एक पतंग आला. विटकरी रंग, चांगले वीतभर पसरलेले पंख, आणि पंखांच्या टोकाला सापाचं तोंड काढल्यागत. कॉलेजात शिकणारी लेक म्हणाली, "अप्पा, हा ॲटलास पतंग. याला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं, त्यावरच आठवडाभर जगतो. अळी पेरूची, लिंबाची पानं खाते आणि पानातच कोष करते."

पेरूचं नाव निघालं आणि काळजात धस्स झालं. उन्हाळ्यात राब भाजताना परसातल्या पेरूची छाटणी मी राबावर टाकली होती. तिच्यात वाळक्या पानात गुंडाळलेल्या दोन तपकिरी पुड्या लोंबत होत्या. म्हटलं, किडकं पान असेल. दिलं पेटवून.

त्याच दिवशी बांधावरचं एक झाड मात्र तोडायचं सोडलं होतं. वर शेकरूचं घरटं होतं ना! शेकरू आपल्या राज्याचा प्राणी. त्याच्यासाठी १९८५ साली इथं अभयारण्य झालं. त्याला हात लावायचा नाही हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

आता भावकी बघा. शेकरू सस्तन, खारीच्या कुळातलं, पण गण कुरतडणाऱ्यांचा. म्हणजे आपण खाचरात ज्या उंदराला विष ठेवतो, त्याचं लांबचं भाऊबंद. पतंग हा कीटक, फुलपाखरांच्या गणातला. भाताच्या खोडकिड्याचा पतंगही त्याच गणातला. दोघांच्याही भावकीत चोर आहेच. पण उंदरापायी शेकरूला कोणी चोर म्हणत नाही. पतंगाला मात्र आपण सरसकट कीड म्हणून मोकळे होतो.

आययूसीएनच्या लाल यादीत शेकरू 'कमी चिंता' गटात आहे, तरी संख्या घटतेय अशी नोंद आहे. ॲटलास पतंगाचं त्या यादीत मूल्यमापनच झालेलं नाही. मोजला नाही म्हणजे भरपूर आहे, असं नव्हे.

पुढच्या राबाला प्रत्येक डहाळी बघूनच टाकणार. कोष दिसला तर ती डहाळी कापून परत झाडाला बांधायची, एवढंच काम.

तुमच्याकडं दिसला का असा पतंग? फोटो टाका, आणि कोणत्या झाडाजवळ दिसला तेही लिहा.